तीन गोल, चार फुल्या

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेल्या कागदावर सात खुणा होत्या. तीन लाल गोल, चार निळ्या फुल्या. गोल उजव्या कानाचे, फुल्या डाव्या कानाच्या. आडव्या रेषेवर आवाजाच्या चार पट्ट्या होत्या, खालच्या घुमणाऱ्या आवाजापासून वरच्या किनऱ्या आवाजापर्यंत: पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार. उभ्या रेषेवर वरून खाली वाढत जाणारे डेसिबल, म्हणजे तो आवाज ऐकू यायला किती मोठा करावा लागला त्याचं माप. चार पट्ट्या, दोन कान, चार दुणे आठ. तिने दूध काढायला फ्रिजचं दार धरलं होतं, ते तसंच धरून तिने बोट लावून पुन्हा मोजलं. सातच. चार हजारच्या उभ्या ओळीत एक निळी फुली होती आणि तिच्या जोडीला कुणी नव्हतं. हा कागद चार महिने इथेच होता आणि तिनेच तो इथे लावला होता. सासूबाईंच्या कानांची तपासणी झाली त्या दिवशी, कागदाच्या कोपऱ्यातली आपल्या कंपनीची बारीक खूण नवऱ्याला दाखवून ती म्हणाली होती, "हा कागद कोण छापतं माहितेय? आम्ही." दवाखान्यातलं यंत्र दुसऱ्या कुणाचं होतं, पण यंत्रातले आकडे घेऊन त्यांचा अहवाल करणारा प्रोग्राम तिच्या ऑफिसातला होता. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: उजवा कान चाळीस, डावा कान एकोणचाळीस. दोष सौम्य. श्रवणयंत्राची गरज नाही. पायांवर फ्रिजची थंडी उतरत होती आणि दार उघडं राहिल्याची पिपाणी वाजायला लागली होती. पाठीमागे टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

काल संध्याकाळी याच खोलीत ती त्यांना नको ते बोलली होती. जिन्यातच करपल्याचा वास आला म्हणून दोन-दोन पायऱ्या चढत ती वर आली, तर खोलीत धूर, शेगडीवर पातेल्याचा तळ कोळशासारखा झालेला, आणि मुद्दाम सासूबाईंसाठी आणलेला तो अंड्याएवढा टायमर ओट्यावर जिवाच्या आकांताने केकाटत होता. त्याच्यापासून दोन हातांवर सासूबाई शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. तिला पाहून हसल्या. "आलीस? आज लवकर?" तिने शेगडी बंद केली, टायमर हातात घेऊन त्यांच्या नाकासमोर धरला. "आई, हा तुमच्या कानाशी वाजतोय! किती वेळ वाजतोय, देव जाणे!" सासूबाईंनी टायमरकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. तिथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण दिवसभराचा शीण होता, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि हाताशी पुरावा होता. तिने फ्रिजवरच्या कागदावर बोट आपटलं. "हे बघा, स्वच्छ लिहिलंय. चाळीस. सौम्य. तुम्हाला ऐकू येतं, आई. लक्ष नसतं तुमचं." प्रत्येक वाक्याला एकदा, असं पाच वेळा तिचं बोट कागदावर आपटलं होतं. सासूबाई उठून कागदापाशी गेल्या, चष्मा लावून तो नीट वाचला आणि दूध संपलंय का विचारावं तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे डोकंच गेलं म्हणायचं माझं." मग पाऊण तास पातेलं घासत राहिल्या. जेवताना त्यांनी जाहीर केलं की रविवारी त्या धाकट्या बहिणीकडे जाणार. तिच्या घराजवळ डोक्याचे चांगले डॉक्टर आहेत. "अगं आई, काहीतरीच काय!" नवरा म्हणाला. "काहीतरीच नाही. वेळेवर दाखवलेलं बरं. इथे तुम्ही दोघं कामावर, एक दिवस घर पेटवीन मी." नवऱ्याचं बोलणं त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं, हे तेव्हाही तिच्या मनात टोचलं होतं.

ते टोचणं तीन वर्षांचं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून. नवऱ्याने आतल्या खोलीतून आवाज दिला तरी सासूबाई ओ द्यायच्या, आणि ती समोर उभी राहून बोलली तरी "अं?" व्हायचं. तिचा आवाज पातळ. शाळेत तिला पिपाणी म्हणायचे. स आणि श तर तिच्या तोंडून हवेसारखे निसटायचे. पण हे तिने कधी जुळवून पाहिलं नाही. तिने जुळवलं ते वेगळंच. "मुलाचं ऐकू येतं, सुनेचं येत नाही. असा कान कुठे मिळतो गं?" तिने फोनवर माहेरी आईला विचारलं होतं, आणि आई पलीकडे हसून म्हणाली होती, "सासवांचे कान कंपनीतूनच तसे येतात." नवऱ्याचा विनोद वेगळा होता: आईला हवं तेवढंच ऐकू येतं, बाकीचं ती परत पाठवते. सगळे हसायचे, सासूबाईही हसायच्या. आता तिला वाटलं, त्या नेहमी अर्धा क्षण उशिरा हसायच्या, इतरांचे चेहरे पाहून. गेल्या महिन्यात ओट्यावर त्यांची छोटी वही उघडी दिसली होती. हिशेबाची असेल म्हणून तिने डोकावलं, तर आत वार लिहिलेला, किल्ली कुठे ठेवली ते लिहिलेलं आणि खाली सतराचा पाढा. एक पाठ झाला की पुढचा. तिने तेव्हा नवऱ्याला कौतुकाने सांगितलं होतं, आई या वयात पाढे लिहितात बघ. आता कळलं, स्वतःचं डोकं जागेवर आहे का, हे त्या रोज सकाळी तपासत होत्या, आणि वहीच्या पहिल्या पानावरच्या तारखेप्रमाणे ही तपासणी चार महिन्यांपूर्वी सुरू झाली होती.

ऑफिसात पोचल्यावर तिने बॅग खांद्यावरून न उतरवताच संगणक सुरू केला. तिला कुठे जायचं ते माहीत होतं, आणि माहीत असूनही ती आधी दोन चुकीच्या फाइली उघडून बघत बसली. मग प्रोग्रामची ती ओळ आली. ओळीच्या डाव्या हाताला लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. नाव तिचं होतं, तारीख दोन वर्षांपूर्वीची, नोकरी लागल्याच्या पाचव्या आठवड्यातली. ओळीचा अर्थ इतकाच होता की, जो आकडा मोजण्याजोगा, म्हणजे सांत, नसेल तो सोडून दे आणि उरलेल्यांची सरासरी काढ. वर तिने एका शब्दाची टीप लिहिली होती: स्वच्छता.

ही स्वच्छता कुठून आली, तेही तिला लख्ख आठवलं. तिच्या आधी हा प्रोग्राम दशांशकाकांनी लिहिला होता. कंपनीतले सगळ्यात जुने. कुठल्याही प्रश्नाला "पॉइंट असा आहे की" म्हणून सुरुवात करायचे, म्हणून दशांशकाका. निवृत्त होताना त्यांनी तिला तीन दिवस सगळं दाखवलं, आणि ज्याला तीस वर्षं झाली त्याला तीन दिवस पुरत नाहीत. संगणकाच्या दशांश आकड्यांमध्ये काही जागा अशा राखून ठेवलेल्या असतात की तिथे साधा आकडा नसतो. एक अनंत. दुसरं उणे अनंत. आणि एक किंमत अशी, की जिचं नावच 'संख्या नाही'. ती इतकी विक्षिप्त, की तिला विचारलं तू स्वतःएवढी आहेस का, तर उत्तर येतं नाही. दशांशकाकांनी त्यांतल्या दोन वापरल्या होत्या. पेशंट मधेच उठून गेला, ती पट्टी तपासलीच नाही, तर तिथे 'संख्या नाही'. आणि यंत्राने आपला सगळ्यात मोठा आवाज काढला तरी त्या कानाला काही कळलं नाही, तर तिथे अनंत. मग दवाखान्यांतून तक्रारी आल्या की अहवालावर सरासरीच्या जागी अनंताची खूण, आडवा आठ छापून येतो आणि पेशंट विचारतात, हे काय? अनंतात काहीही मिळवा, कितीनेही भागा, अनंतच राहतं, त्यामुळे एका पट्टीने सगळी सरासरी गिळली होती. टीम लीडने ते काम नव्या मुलीला दिलं. तिने तपासलं, एकच प्रश्न दोन्हीला लागू पडत होता, सांत आहेस का? नाही, तर बाहेर. न तपासलेला कान आणि न ऐकणारा कान तिने एकाच केरसुणीने बाहेर काढला. आडवा आठ गेला, तक्रारी थांबल्या, टीम लीड मिटिंगमध्ये म्हणाला होता, "एका ओळीत काम. याला म्हणतात हात!" ते शब्द तिने कितीतरी दिवस पुरवून पुरवून खाल्ले होते.

तीस, पस्तीस, पंचावन्न. तिने सासूबाईंचे आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहिले. बेरीज एकशे वीस, भागिले तीन, चाळीस. चौथ्या जागी, जिथे त्यांचा कान सगळ्यात जास्त गेला होता, तिथे काहीच नव्हतं, आणि काहीच नसल्यामुळे त्यांचा कान बरा दिसत होता. पाचवीत असताना बाकावरच्या मैत्रिणीशी ती एक खेळ खेळायची, मोठ्यात मोठा आकडा सांगायचा. शंभर. हजार. कोटी. एक दिवस मैत्रीण म्हणाली, अनंत. ती म्हणाली, अनंत अधिक एक. बाई मागे उभ्या होत्या, त्यांनी सांगितलं, ते तेवढंच राहतं. ती रडली होती. हरल्याचं दुःख नव्हतं, पण तिने दिलेला एक कुठे गेला, हे बाई काही केल्या सांगेनात. आता खुर्चीत बसून तिला त्या वर्गातला खडूचा वास आला. कुणाकुणाचा 'एक' तिने असा घालवला होता? तिने दशांशकाकांना फोन लावला. ते झाडांना पाणी घालत होते, मागे नळाचा आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं. नळ बंद झाला.

"पॉइंट असा आहे," काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मी तिथे अनंत का ठेवलं होतं, ते लिहून ठेवलं नाही."

"मी विचारलं नाही, काका."

"पाच आठवड्यांची पोर काय विचारणार? आडवा आठ छापून येतो हे मला माहीत होतं गं. मला वाटायचं, डॉक्टरने ते बघून थबकावं. लोक थबकत नाहीत, तक्रार करतात." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मोजलेस का किती?"

मोजायला तिला सव्वा तास लागला. त्यातला मोजण्याचा वेळ चार मिनिटं होता. त्या तारखेपासून एकतीस हजार चारशे बारा अहवाल छापले होते. अनंत गाळलं गेलं असे सहाशे चौऱ्याऐंशी. आणि ज्यांचा दोष त्यामुळे खालच्या पायरीवर दाखवला गेला, श्रवणयंत्र मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, असे दोनशे सतरा. नावं नव्हती, फक्त क्रमांक आणि वय. एकशे त्रेचाळिसाव्या ओळीवर वय अडुसष्ट, तीस, पस्तीस, पंचावन्न. तिने यादी वर नेली, खाली नेली. एकोणतीस वय असलेला एक जण होता. एक जण सहा वर्षांचा होता. सहा वर्षांच्या मुलाला घरी काय म्हणत असतील? तेच म्हणत असतील. लक्ष नसतं. ती उठून टीम लीडच्या टेबलाशी गेली आणि चिठ्ठी पुढे ठेवली. तो वाचता वाचता खुर्चीत मागे सरकला. तिने पाठ ताठ केली, जे काय व्हायचं ते होऊ दे म्हणून. "ओळ तुझी," तो शेवटी म्हणाला, "पण तपासून हो म्हणणाऱ्याचं नाव वाच. माझंच आहे." त्याने शेजारची खुर्ची ओढली. "बस. आधी दुरुस्त करू. रडायचं ते नंतर रडू." दुपारपर्यंत दोघांनी नियम नीट मांडला. पट्टी तपासलीच नसेल तर सरासरी छापायचीच नाही, तसं शब्दांत लिहायचं. ऐकूच आलं नसेल तर यंत्राची जी कमाल असेल तिच्यावर पाच धरायचे आणि कागदावर गोलाला खाली वळलेला बाण लावायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की खरा आकडा याहून मोठा, रेषेवर याच्याही खाली कुठेतरी आहे. तिने वर टीप लिहिली. या वेळी सहा ओळींची.

घरी जाताना ती एक थांबा आधी उतरली आणि चालत राहिली. सासूबाईंना काय सांगायचं, त्याची वाक्यं ती जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्यात प्रोग्राम किंवा यंत्र किंवा दवाखाना आधी येत होता. घराच्या गॅलरीचं दार नेहमीसारखं उघडं होतं, ते वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक लाल लाकडी बाटली ठेवलेली. तीन वर्षं ती बाटली ओलांडत होती. सासूबाईंनी बत्तीस वर्षं बाटल्या भरण्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे दिव्याची पांढरी काच, तडा गेलेली दिसली की उचलायची. आणि उचलली की तिच्या जागी लाल लाकडी बाटली ठेवायची, हा त्यांच्या खात्याचा दंडक. कारण पट्टा बारा जागा पुढे सरकला की पेटी आपोआप बंद व्हायची. जागा मोकळी दिसली की मागची बाटली घसरून पुढे यायची आणि सगळ्यांचे आकडे चुकायचे. पेटीवर बारा छापलेलं आणि आत अकरा. लाल बाटली पुढे गेली की भरणाऱ्या बाईला कळायचं, इथलं एक गेलंय, इथे राखीवातली चांगली बाटली लावायची. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सासूबाईंनी तिला हे रंगवून रंगवून सांगितलं होतं, आणि तिने फोनकडे बघत हं हं केलं होतं. काचा एकमेकींवर आपटण्याचा तो किनरा खणखणाट बत्तीस वर्षं त्यांच्या उजव्या अंगाला होता, हेही त्यांनी सांगितलं असणार. बहुतेक सांगितलंच होतं.

सासूबाई खिडकीशी खाटेवर बसून बॅगेत न्यायच्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांची उजवी बाजू तिच्याकडे होती. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, तो कागद खोटा आहे. चूक माझी आहे. मी केली." हात घड्या करत राहिले. तिचं काळीज एवढ्या वेळात पहिल्यांदा हलकं झालं. म्हणून टाकलं होतं. शब्द खोलीत होते. आता चहा ठेवता आला असता, आणि रविवारच्या आत दवाखान्यातूनच कळवलं गेलं असतं, तांत्रिक कारणामुळे चूक झाली म्हणून. ओट्यापर्यंत ती गेलीही. तिथे घासूनही न निघालेला काळा तळ वर करून पातेलं पालथं घातलं होतं. ती परत फिरली, स्टूल उचललं, खाटेला वळसा घालून त्यांच्या डाव्या अंगाला ठेवलं आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. जाड आवाज काढून, एकेक शब्द सुटा करून बोलली. "आई. तुमचा उजवा कान गेलाय. डोकं नाही. कागद चुकला. कागद मी चुकवला." आवाज इतका मोठा झाला की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला.

सासूबाईंनी हातातली घडी मांडीवर ठेवली. "परत सांग," त्या म्हणाल्या.

तिने परत सांगितलं, या वेळी पहिल्यापासून. आडवा आठ, ओळ, स्वच्छता, सगळं. कुठे कुठे दोनदा सांगावं लागलं. सासूबाई तिच्या ओठांकडे बघत होत्या आणि तिला कळलं की त्या नेहमीच तिच्या ओठांकडे बघत असतात. ती त्याला रोखून बघणं समजत आली होती.

"म्हणजे तू जागा मोकळी सोडलीस," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"लाल बाटली न ठेवता."

"होती ठेवलेली, आई. काकांनी ठेवली होती. मी काढून टाकली. कचरा समजून."

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "चार महिने मी पाढे म्हणतेय गं," त्या म्हणाल्या. "एकोणतीसपर्यंत आलेय." तिने त्यांच्या मांडीवरची घडी उगाच पुन्हा घातली. मग सासूबाईंनी तपासनिसाच्या आवाजात विचारलं, "पेट्या किती गेल्या अशा?"

"दोनशे सतरा."

"बाई गं! कळवणार कोण त्यांना?"

"आम्हीच. दवाखान्याकडून फोन करवतोय सगळ्यांना."

"अगं शहाणे," सासूबाई म्हणाल्या, "फोन कसले करता? ऐकू येतं का त्यांना?" आणि पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणाचा चेहरा न पाहता, त्या आधी हसल्या. हसता हसता डोळे पुसले, मग तिचेही पुसले, मांडीवरच्या त्याच कपड्याने. "पत्र पाठवा. मोठ्या अक्षरात. आणि रविवारचं तिकीट रद्द करू नकोस, पुढे ढकल. धाकटीकडे जायचंच आहे मला. यंत्र लावून जाईन. तीस वर्षं ती काय बडबडतेय, ते एकदा कळू दे."

सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत सासूबाई हेडफोन लावून बसल्या. आवाज कळला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर तंत्रज्ञ बाई आणि तिच्या मागे ती. डावा कान झाला, उजव्याच्या तीन पट्ट्या झाल्या. मग चार हजार. तंत्रज्ञ बाईने साठावर आवाज दिला, सत्तरावर, ऐंशीवर. काचेपलीकडे सासूबाई शाळेत बसावं तशा ताठ बसल्या होत्या, अंगठा बटणावर तयार ठेवून, आणि डोळे तिच्यावर. तिची मान आपोआप हलायला निघाली, आत्ता दाबा म्हणून, तिने ती आवरली आणि जमिनीकडे पाहिलं. नव्वद. शंभर, ही यंत्राची कमाल. तिथे उभ्या उभ्या तिला हेडफोनमधून गळणारा बारीक आवाज स्वच्छ ऐकू आला. अंगठा हलला नाही. तंत्रज्ञ बाईने पुन्हा एकदा शंभर दिला, दहा सेकंद थांबली आणि 'प्रतिसाद नाही'ची कळ दाबली. छपाईयंत्रातून कागद बाहेर आला. तिने तो उभ्यानेच मोजला. चार निळ्या फुल्या. चार लाल गोल, चौथ्याला खाली वळलेला बाण. डावा कान एकोणचाळीस डेसिबल. उजवा कान छप्पन्न.